बुधवारी म्हटलेलं आमेन

याकोबकाकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले की आमच्या सिस्टर हळूच उठायच्या, स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हची हवा सोडायच्या आणि पुन्हा सतरंजीवर येऊन बसायच्या. स्टोव्हचा तो सूंऽऽ आवाज विरला की खोलीत फक्त काकांचा आवाज उरायचा, आणि मागे रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांना जोडल्याचा दणका. चहा तेवढा वेळ आचेवर राहिला असता तर त्याचा काढा झाला असता. काका आधी देशाच्या कारभाऱ्यांसाठी मागायचे, मग आगगाड्या चालवणाऱ्यांसाठी, मग दवाखान्यात पडलेल्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी, आणि असं करत करत आमच्या गल्लीपर्यंत यायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. डोळे मिटून बसायचे, पण मन कुठे जागेवर असायचं! दोरीवरची चादर आत घेतली का, दवाखान्यातल्या सात नंबरच्या बाईला गरम पाणी कुणी दिलं असेल का, आप्पांना टाकलेलं कार्ड पोचलं असेल का. काळजी करायला मला कारण लागत नसे. अजूनही लागत नाही. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही झोपेतसुद्धा काळजी करता." करते खरी. पण त्या सतरंजीवर बसले की निदान ती चारचौघांत वाटली जायची.

घर सिस्टर सुशीलाबाईंचं. उंच, सडसडीत, लग्न न केलेली बाई. दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी गल्लीतली पोरं, दूधवाला, पाळकसाहेब, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नोकरीतली बरीच वर्षं त्या आमच्या भागात, कृष्णाकाठच्या एका मिशनच्या दवाखान्यात होत्या. माझ्या आईचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. शाळा सोड असं मला कुणी म्हटलं नाही, पण दानी, माझा भाऊ, सात वर्षांचा, वडील, म्हणजे आप्पा, दिवसभर नदीवर. चूल कुणी पेटवायची? एक दिवस गेले नाही, दोन दिवस गेले नाही, मग शाळेनंही विचारलं नाही. दानी हाताशी आल्यावर सिस्टरांचं पत्र आलं, की पोरीला पाठवा, रामदासपेठेत एका दवाखान्यात आयाची जागा आहे, माझ्याकडे राहील. एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसून मी नागपूरला उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि आप्पांनी बांधून दिलेला गूळ होता.

पहिले सहा महिने मला लोकांचं बोलणं कळायच्या आत ते पुढे निघून गेलेलं असायचं. सिस्टर म्हणाल्या, "सांबार घेऊन ये वं," तर मी डबा घेऊन कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याकडे गेले. त्यांना हवी होती कोथिंबीर. शेजारच्या वच्छलाबाईंनी हे ऐकलं आणि महिनाभर मला बघितलं की विचारायच्या, "काहून वं कोल्हापूरवाली, आज संगं इडली नाही आणली?" वच्छलाबाईंच्या सासऱ्यांनी नागपुरात दीक्षा घेतलेली. त्यांच्या दारात पंचशीलाचा झेंडा, आमच्या दारात लाकडी क्रूस, आणि मधे एकच नळ. पाणी सुटलं की दोन्ही घरांच्या बादल्या एका रांगेत लागायच्या. सिस्टर रविवारी गोळाभात करत, गरम भातावर फोडणीचं तेल ओतलं की चर्र आवाज यायचा आणि भिंतीपलीकडून वच्छलाबाई ओरडायच्या, "सिस्टर, मले आयकू आलं बरं!" मग एक वाटी त्या घरी जायची.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थना. आमच्या मंडळीतले दहा-बारा जण आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमत, पण सिस्टरांची खोली मोठी म्हणून बहुतेक वेळा इथेच. याकोबकाका कोराडीहून बसनं येत. वीज केंद्रात ते फिटर होते. नोकरी संपली तरी मुलगा तिथेच लागला म्हणून कॉलनीतच राहात. त्यांच्या कॉलरवर राखेची बारीक पूड असायची. "शर्ट झटकून आत या काका," सिस्टर दारातूनच म्हणायच्या, "माह्या सतरंजीवर राख नका आणू." "राख नाही बाई, सरकारी वीज आहे ते," काका म्हणायचे आणि झटकायचे. त्यांच्याजवळ एक लांबोडकी वही असे. डाव्या पानावर ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं: आजारी, बेकार, अडलेली बाळंतीण, घर सोडून गेलेला मुलगा. उजव्या पानावर ज्या घरी मृत्यू झाला त्या घरच्यांची, त्यांच्या सांत्वनासाठी. डावीकडचं माणूस गेलं की काका पट्टी लावून त्यावर रेघ मारत आणि उजवीकडे त्याच्या बायकोचं, मुलांचं नाव लिहीत. आमच्या मंडळीत गेलेल्यासाठी मागत नाहीत. तो प्रभूच्या हातात गेला, आता त्याच्यासाठी आपण काय मागणार? मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. ही शिस्त काकांइतकी कडक कुणी पाळत नसे. आता आमच्या मंडळीच्या विनंत्या मोबाईलवर येतात, खाली हात जोडल्याची पिवळी चित्रं लागतात, आणि कोण बरं झालं, कोण गेलं, सगळं एकाखाली एक सरकत जातं. मला अजून त्या वहीची दोन पानं दिसतात.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे, म्हणजे कृष्णाकाठी, पाऊस थांबेना. नागपुरात ऊन होतं. रेडिओवर नद्यांची नावं सांगत, त्यात आमच्या नदीचं नाव आलं की मी हातातलं काम सोडून उभी राही. आप्पा नदीवरच्या मोटारीवर कामाला होते. ऊसवाल्यांनी मिळून काठाला एक खोली बांधून पाणी उपसायची मोटार बसवली होती. ती चालवायची, राखायची, आणि पूर येणार असं दिसलं की पायाचे बोल्ट काढून चेनपुलीनं वर ओढून घ्यायची, हे त्यांचं काम. दरवर्षी ते मोटार काढत आणि दरवर्षी मी घाबरत असे. लहानपणी मी त्यांचा सदरा धरून म्हणायची, "आप्पा, राहू द्या की ती मोटार." ते म्हणत, "मोटार बुडली तर शंभर घरांचा ऊस वाळंल की गं."

मंगळवारी दवाखान्यात फोन आला. मी चादरी उकळत होते. फोनवर दानी होता, गावच्या सोसायटीच्या कचेरीतून. आवाज असा येत होता जणू तोही पाण्यातूनच बोलतोय. "ताई, घर पडलं. मी शाळंत हाय. आप्पा घावलं न्हाईत." मी म्हटलं, "न्हाईत म्हंजे?" तो म्हणाला, "काल सांजच्याला मोटार काढाय गेल्ते. मदतीला गेलेला सदातात्या दोर आन् ट्रॅक्टर आणाय वर आला, तवर पाणी चढलं. पल्याड एक माणूस बाभळीला धरलेला बघितलाय म्हंत्यात लोकं. तेच असतील ताई. त्या गावचा रस्ता..." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. मी स्टेशनवर गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, रूळ पाण्याखाली आहेत, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. मी परत आले आणि राहिलेल्या चादरी पिळल्या. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार. खोली नेहमीपेक्षा जास्त भरली होती. वच्छलाबाईही आल्या आणि उंबऱ्याजवळ बसल्या. कुणीतरी त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या म्हणाल्या, "आमच्यात देवाले मागत नाही, पण बसाले काय जाते?" सिस्टरांनी त्यांना पुढे सरकून जागा दिली. काका उशिरा आले, बस मिळाली नव्हती, आल्या आल्या वही मांडीवर घेऊन त्यांनी डोळे मिटले. एरवी नागपुरी बोलणारे काका देवाशी मात्र पुस्तकी मराठीत बोलायचे. त्या दिवशी ते देशाच्या कारभाऱ्यांपासून सुरू झाले नाहीत, थेट पुरावर आले. पाण्यात उभी असलेली घरं, गोठ्यात बांधलेली जनावरं, उपाशी लेकरं. मी ऐकत होते आणि नव्हतेही. डोळ्यांपुढे ती बाभूळ होती. आणि मग ते म्हणाले, "हे दयाळू पित्या, आमच्या या मुलीच्या बापाला तू आपल्या विसाव्यात घेतलं आहेस. तुझी इच्छा पूर्ण झाली. आता हिचं आणि हिच्या भावाचं सांत्वन कर." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

तोंडातून शब्द गेला आणि मग मला त्याचा अर्थ कळला. लहानपणी देवळात बसल्यावर आप्पा मला कोपरानं हलकेच डिवचत, कारण मला आमेन म्हणायची घाई असे. बाहेर आल्यावर म्हणत, "पुरतं ऐकल्याबिगर आमेन म्हणू नगंस. ती सही असती. तसंच होऊ दे म्हणून केलेली." आणि मी सही करून बसले होते. माणूस झाडाला लटकून आहे, कुणी दोर घेऊन येईल म्हणून वाट बघतंय, आणि पोटची लेक शेकडो कोस दूर सतरंजीवर बसून म्हणते, तसंच होऊ दे. तुम्हाला हे वेड वाटेल. आज मलाही वाटतं. पण त्या वेळी मला जेवढं पक्कं माहीत होतं की आपले हात कोपरापर्यंत साबणानं सोललेत, तेवढंच पक्कं माहीत होतं की आप्पांचा हात त्या फांदीवरून माझ्या आमेननं सुटला.

कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात गेले, आले. शुक्रवारी सकाळी सिस्टरांनी माझ्यापुढे भाकर आणि वांग्याचं भरीत ठेवलं आणि समोर बसल्या. "दोन दिस झाले, तू नुसती चहावर जगून राहिली. जेवत काहून नाही वं?" मी म्हटलं भूक नाही. "भूक नाही, झोप नाही, अन् काल त्या पेशंटच्या नातेवाइकानं साधा निरोप कळवाले सांगतला तर तू त्याले म्हणे, मले काही म्हणाले लावू नका. काय झालं?" मग मी सांगितलं. सांगता सांगता मला वाटत होतं, त्या आता हसतील, किंवा म्हणतील देव असा नसतो. त्या उठल्या. भाकर झाकून ठेवली, छत्री घेतली, म्हणाल्या, "चप्पल घाल. कोराडीले जाऊ."

 कोळशाचे ट्रक बसच्या शेजारून जात होते, आणि लांबून ती उंच धुराडी दिसायला लागली तशी मला भीती वाटायला लागली, की माझ्यामुळे आता भांडण होणार. काका कॉलनीतल्या घरापुढे बनियनवर बसून सायकलचं चाक काढत होते. आम्हाला बघून उभे राहिले.

"काका, कोणी सांगतलं तुमाले, हिचा बाप गेला म्हणून?" सिस्टरांनी फाटकातूनच सुरुवात केली.

"बसा तर खरं बाई. बाप सापडत नाही एवढं आयकलं, अन् पेपरात पाहिलं ना मी. एवढालं पाणी. म्हटलं, आता कसचा वाचते माणूस."

"तुमी म्हटलं! तुमी कोण? तहसीलदार? बाभळीले धरलेला माणूस पाहिला लोकायनं. हिच्या भावानं फोनवर सांगतलं."

"मले कोणी सांगतलंच नाही हे," काका म्हणाले.

"इचारलं कोणाले? आले अन् डोळे मिटले. आधी इचारावं, मंग मिटावं!" आणि मग माझ्या आमेनचं त्यांनीच सांगितलं, दोन वाक्यांत, नर्स डॉक्टरला सांगते तसं.

काकांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला, नळावर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. आतून वही आणली. उजव्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: विमल आणि तिचा भाऊ. काकांनी ते खोडरबरानं पुसलं आणि डाव्या पानावर शाईनं लिहिलं: विमलचे वडील. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन चालू आहे का बंद, हे हात लावून पाह्यल्याबिगर फिटरनं सांगू नाही. तीस वर्सं मी पोट्ट्यायले हेच शिकवलं. अन् मीच सांगून बसलो." सिस्टर अजून रागात होत्या. "मंग आता?" त्या म्हणाल्या. "आता गाडी सुटली का मी हिच्यासंगं जातो," काका म्हणाले. "एकटीनं पोरीनं काहून जावं? जाऊन हात लावून पाहू."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी कोराडीहून येत, बुधवार असो नसो. रोज डावं पान. हिच्या वडिलांना आधार दे, पाण्यातून काढ, कुणाच्या तरी दारात पोचव. मी डोळे मिटत असे पण ओठ दाबून धरत असे. आमेन म्हणायचं धाडस होत नव्हतं. कुणी मला टोकलं नाही. वच्छलाबाई रोज उंबऱ्याजवळ बसत आणि उठताना माझ्या हातात काहीतरी ठेवून जात, कधी झुणका-भाकर, कधी नुसते भाजलेले शेंगदाणे. "खाय. तथी बापानं इचारलं का पोट्टी वाळली कशी, तं आमाले शरम," म्हणत. त्या सगळ्यांनी मिळून मला किती धरून ठेवलं होतं, हे तेव्हा कळण्याइतकी मी शुद्धीवर नव्हते. उपकार कळायला वेळ लागतो. मला तर वर्षं लागली.

पुढच्या बुधवारी गाडी सुटली. सिस्टरांनी भाकरी, ठेचा आणि नरखेडकडून कुणीतरी आणलेल्या मोसंब्या बांधून दिल्या. मला वाटलं होतं काका वाटेत प्रार्थना करतील. त्यांनी केली नाही. खिडकीशी बसून ते मोसंबी सोलत, निम्मी मला देत, आणि आप्पांच्या मोटारीबद्दल विचारत. किती हॉर्सपॉवरची, पाया कसा, बोल्ट किती, आप्पा एकटेच काढतात की कसं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. चार बोल्ट. आप्पा म्हणायचे, चार नट निघाले की हत्ती सुटला. "एकट्यानं काढते म्हणजे हुशार माणूस," काका म्हणाले. ते आप्पांबद्दल सतत चालू काळात बोलत होते, आणि अवघडून बोलत होते, एखादं जड सामान तोल सांभाळत नेल्यासारखं.

गावाचं मी काय सांगू? चिखलाचा एक वास असतो, तो नंतर वर्षभर माझ्या पेटीतल्या कपड्यांना होता. ऊस सगळा एका बाजूला निजलेला. शाळेच्या भिंतीवर गोधड्या. दानी कुणाचा तरी मोठ्या मापाचा शर्ट घालून व्हरांड्यात उभा होता; मला बघून रडला नाही, म्हणाला, "ताई, तू कशी आलीस? गाडी चालू झाली व्हय?" दोन दिवस काका दानीला घेऊन नावेतून पलीकडच्या गावांत फिरले. साठी उलटलेला माणूस, गुडघाभर गाळ, परकी बोली. परत आले की दानी मान हलवायचा. बाभळीला धरलेला माणूस सापडला होता. तो दुसऱ्याच गावचा होता, वाचला होता, आणि त्यानं आप्पांना पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नदी पात्रात गेली आणि मोटारीची खोली पहिल्यांदा दारापर्यंत उघडी पडली. आदल्या आठवड्यातल्या सोमवार संध्याकाळपासून ती पाण्याखालीच होती, छपरासकट. दार गाळानं आणि फांद्यांनी बंद झालं होतं. सदातात्या, आणखी दोघे आणि काका फावडी घेऊन उतरले. काका मला म्हणाले, "तू इथंच थांब. दानीले धर." मी काठावर दानीचा हात धरून उभी राहिले. फावड्यांचा आवाज येत होता. मग थांबला. मग सदातात्या बाहेर आला आणि त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं.

काका बऱ्याच वेळानं बाहेर आले. त्यांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता, चहाच्या पुडीचा, तार लावलेला. तो खिळ्याला वर टांगलेला होता, म्हणाले. त्यांनी डबा माझ्या पुढ्यात वाकडा केला. आत गाळ होता आणि गाळात तीन नट, त्यांच्या वायसरांसकट. "हे पाह्य, विमल," ते म्हणाले. "तीन नट त्याईनं काढले, पुसले, डब्यात टाकले. चौथा अर्धा फिरवलेला आहे, पाना अजून त्यालेच लागून आहे. पाणी गळ्याशी आलेला माणूस नट डब्यात ठेवत नाही वं. फेकून देऊन पळते. याईले भेवाले वेळच भेटला नाही. काम करता करताच गेले. पाणी आलं ते एकदम आलं." त्यांनी कपाळाचा चिखल मनगटानं पुसला. "अन् हे सोमवारचं आहे. दार तवापासूनच बंद आहे. ते कोण्या झाडाले लटकले नाही, कोणाची वाट पाह्यली नाही. आपली प्रार्थना बुधवारची. तुह्या आमेननं काही झालं नाही, पोरी. अन् माह्या बोलण्यानंबी."

मला कुणी शास्त्रातलं वचन ऐकवलं असतं तर मी मान डोलावली असती आणि आत काही हललं नसतं. पण ते तीन नट मी हातात घेतले. आप्पांची सवयच होती ती, काढलेली वस्तू डब्यात, डबा खिळ्याला. घरी आईच्या बांगड्यासुद्धा त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. मी खाली बसले आणि बुधवारपासून, म्हणजे त्या पहिल्या बुधवारपासून जे अडलं होतं ते सगळं रडून घेतलं. दानीही रडला. काका बाजूला उभे राहिले. समजूत घालायला ते आले नाहीत, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाच दिस आपण गेलेल्या माणसासाठी मागत होतो. माह्या वहीत असं कधी झालं नव्हतं." मी विचारलं, "मग ते पाप झालं का, काका?" त्यांनी विचार केला. खरंच केला, तोंडदेखलं उत्तर दिलं नाही. "मले नाही वाटत," ते म्हणाले. "देवाले माहीत होतं ना, आधार कोणाले लागून राहिला ते. त्यानं तो तुले देऊन टाकला असंल."

आमच्या गावात ख्रिस्ती घरं सहा. दफनभूमी माळावर, तिथे पाणी पोचलं नव्हतं. पाळकसाहेब तालुक्याला राहात आणि तो रस्ता अजून बंद होता, आणि थांबता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा प्रार्थना काकांनीच करायची असं ठरलं. गावच्या माणसांनी खड्डा खणला, ख्रिस्ती आणि इतरही; ज्यांच्या उसाला आप्पांनी पाणी दिलं ते बरेच आले होते, चिखलाच्या पायांनी, टोप्या हातात घेऊन. पेटी नव्हती. पुरातून वाचलेल्या एका दाराच्या फळ्या होत्या, त्या सदातात्यानं ठोकून घेतल्या. आमच्या लोकांनी गीत म्हटलं, चाल कुठे कुठे सुटली, कुणी सांभाळून घेतली. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि काका पुढे झाले.

काही ऐकू आलं नाही. वारा होता, माळावर नेहमी असतो तसा. मला वाटलं, त्यांना सुचत नसेल. मी डोळे उघडले. काका वही न घेता उभे होते आणि त्यांचे डोळे उघडेच होते, माझ्याकडे लागलेले. एवढी माणसं माना घालून वाट बघत होती आणि तो म्हातारा माणूस, ज्यानं एकदा न विचारता बोलून टाकलं होतं, खालच्या आवाजात मला विचारत होता, "विमल, आता म्हणू काय वं?"

दानीनं माझा पदर घट्ट धरला होता. आमच्या तोंडी त्यांचं नाव कधी येत नसे, ते कायम आप्पाच. नागपुरातही इतके दिवस कुणी मला ते विचारलं नव्हतं, वहीत नुसतं 'विमलचे वडील' असं होतं.

"म्हणा, काका," मी म्हटलं. "यशवंत नाव त्यांचं."